पेटीतले खडे

शुद्धलेखनाच्या चुकांसाठी आणि या अक्षरासाठी आधी माफी मागते. कोणाची मागते ते माहीत नाही, कारण हे मी कोणाला दाखवणार नाही. पण शाळेत बाईंच्या हातात पाटी देताना मी आधी "चुकलं असंल" म्हणायची आणि मग पाटी पुढं करायची. ती सवय राहून गेली. चौथीपर्यंत शिकले. ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही अंदाजानं द्यायची, आताही तेच. अक्षराबद्दल आमचे हे म्हणतात, "हे तू लिवलं, का पानावरून मुंगळे गेले?"

आमचं गाव बाभुळगावपासून जवळच आहे. फाट्यावर यांचं पंक्चरचं दुकान. हे दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलत असतात. मी बोलत नाही. कोणाशी भांडण नाही, पण चार माणसं दिसली की माझी जीभ टाळूला चिकटते. किराणा दुकानात मी हळद मागितली आणि दुकानदारानं जिरं बांधून दिलं, तर मी जिरं घेऊन घरी येते. आमच्या घरात जिरं कधी कमी पडलं नाही.

अशा बाईला पित्ताशयात खडे झाले. दुखणं लग्नाच्या पंगतीत जेवून आलं की सुरू व्हायचं. उजव्या बरगडीखाली कोणी लुगडं पिळावं तसा पिळा पडायचा आणि कळ मागं पाठीत जायची. मी ओवा चावायची, सोडा प्यायची आणि भांडी घासत बसायची. यांनी विचारलं तर "काही नाही". दवाखान्यात जायचं म्हणजे परक्या माणसापुढं पोट उघडं करायचं. त्यापेक्षा दुखलेलं परवडलं, असं मला वाटायचं. वर मी स्वतःला सोशिकही समजत होते.

एक दिवस नळावर अध्यक्षबाईनं मला पकडलं. अध्यक्षबाई म्हणजे आमच्या बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष. नात्यानं माझी लांबची जाऊ. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली. आवाज असा की ग्रामपंचायतीनं भोंगा घेतला नसता तरी चाललं असतं.

"इकडं पाय वो," ती म्हणाली. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उन्हाकडं केलं. "डोये हळदीवानी झाले तुहे! काहून सांगतलं नाई?"

नळावरच्या सगळ्या बायका माझे डोळे बघायला आल्या. मी ते मिटून घेतले.

कावीळ म्हटल्यावर आमच्याकडं आधी हात धुवायला नेतात. शेजारच्या गावात एक म्हातारबा आहे. तो चुन्याच्या पाण्यानं हात चोळून देतो, पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. मला तो माणूस फार आवडला. त्यानं काहीच विचारलं नाही. कुठं दुखतं नाही, लघवीचा रंग कसा नाही, पदर बाजूला कर नाही. नुसते हात पुढं करायचे. पाणी पिवळं झालं तसा मला केवढा आनंद झाला! तेल-तूप बंद करायला सांगितलं होतं, त्यानं दुखणंही थोडं मागं हटलं. मी सगळ्यांकडं बघून मान हलवली. माझ्यासाठी ते भाषणच होतं.

नंतर हुडहुडी भरून ताप आला. अंगाला खाज सुटली, लघवी काळ्या चहासारखी झाली आणि मी दात वाजवत चुलीपुढं बसले. तेव्हा मात्र यांनी मला काही विचारलंच नाही, गाडीवर बसवलं. बाभुळगावच्या डॉक्टरांनी डोळे बघून लगेच यवतमाळला धाडलं.

यवतमाळला एका दवाखान्यात सोनोग्राफी झाली. पोटावर थंडगार काहीतरी लावून डॉक्टर ते यंत्र फिरवत होते. मी काय करावं? पोट तर झाकता येईना, म्हणून पदर तोंडावर ओढून घेतला.

"काकू," डॉक्टर म्हणाले, "फोटो पोटाचा काढतोय, चेहऱ्याचा नाही."

मी पदराआडून "हो" म्हटलं.

मग त्यांनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. त्यातला एक घसरून खालच्या नळीत अडकलाय. पित्ताला वाट नाही, म्हणून कावीळ आणि म्हणूनच ताप. आधी नळीतला खडा काढायचा, तोही लवकर. तो तोंडातून दुर्बीण घालून निघतो, कापाकापी नाही. काही दिवसांनी पोटाला बारीक छिद्रं पाडून पिशवीच काढून टाकायची. "कळलं ना, काकू?"

मी "हो" म्हटलं. खरं म्हणजे मी त्यांचे बूट बघत होते. माझ्या कानात एकच गोष्ट शिरली होती, पोटाला छिद्रं. छिद्र म्हटल्यावर यांना मात्र चेव आला.

"म्हंजे डॉक्टरसाहेब, आंधी हवा भरता का?"

"भरतो ना. पोट फुगवतो, म्हणजे आतलं नीट दिसतं."

"आन् मंग काढता, का आपोआप निंगते?"

डॉक्टर हसले. मला वाटलं जमीन फाटावी. पण हे जुनी ओळख निघाल्यासारखे खुशीत होते.

मग पैशाची गोष्ट निघाली. उपचाराचं सरकारी कार्ड यांच्याकडं होतं. त्यात यांचं नाव होतं, पोरीचं होतं, माझं नव्हतं. चूक दुसऱ्या कोणाची नाही, माझीच आहे. कार्डाचं शिबिर गावात आलं होतं तेव्हा मी रांगेत उभी राहिले होते. माझा नंबर आला, टेबलावरचा पोरगा म्हणाला, "ताई, पदर मागं घ्या, इकडं बघा, फोटो काढायचाय." चुलीवर दूध ठेवलंय असं सांगून मी पळाले. घरी आम्ही तेव्हा दूध घेतच नव्हतो.

नाव घालायला वेळ लागणार होता आणि नळीतला खडा थांबणार नव्हता. मला तिथंच भरती केलं, सलाइन लावलं. हे दुकानातला गल्ला मोजून आले आणि खाटेच्या कडेला गप्प बसले. हे गप्प बसले तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

पैसा एकाच ठिकाणी होता, गटाच्या पेटीत. पण तो मिरची कांडायच्या यंत्रासाठी होता. गेली कितीतरी वर्षं आम्ही तो जमवला होता. यंत्रवाला रोख मागत होता म्हणून नुकताच बँकेतून काढून आणला होता. आमच्या गटाचा एक नियम आहे. जिला पैसे पाहिजेत तिनं उभं राहून, स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांसमोर मागायचे. मागं एकीच्या नवऱ्यानं तिच्या नावानं पैसे मागून नेले आणि पिऊन टाकले, तेव्हापासून हा नियम. मी गटात आल्यापासून दाराजवळ बसत आले. पैसे पुढं सरकवायचे आणि घरी यायचं. माझा आवाज कसा आहे हे काही जणींना माहीतच नव्हतं.

यांनी अध्यक्षबाईला फोन केला. दुसऱ्या दिवशी सगळा गट काळीपिवळी जीपमध्ये बसून यवतमाळला आला आणि मीटिंग माझ्या खाटेभोवती भरली. पत्र्याची पेटी गोधडीत गुंडाळून आणली होती. सिस्टर ओरडत होत्या, "अहो, एका पेशंटजवळ एवढ्या बाया?"

"पाचच मिंट, मॅडम. सभा हाये," अध्यक्षबाई म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "बोल."

हे म्हणाले, "वहिनी, तिचा ताप तर पाहा. मीच सांगतो..."

"तुमी भाईर जा, भाऊ. जिचं काम तिनं सांगाव."

हे बाहेर गेले. मी सलाइनची दांडी धरून उभी राहिले. मी म्हटलं, "मले खडे झाले."

"थे तं मालूम हाये. पैसे किती पायजे?"

आकडा मला यांनी सांगितला होता. रात्रभर घोकला होता. तो गेला. डोक्यात नुसतं पांढरं झालं. सगळ्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या, आणि माझ्या तोंडून निघालं, "जेवढे हायेत तेवढे."

मग एकीला हसू फुटलं, आणि सगळ्याच हसत सुटल्या.

"अवो माय! आतालोक तोंड नाई उघडलं, आन् उघडलं तं पेटीच मांगतली!"

"आमाले भाड्यापुरते तं ठेव वो!"

एकच हसली नाही. तिची पोर बाळंतपणाला यायची होती, आणि यंत्र आलं की मसाला विकून चार पैसे येतील असं तिनं धरलं होतं. ती म्हणाली, "दे बाप्पा. पण मशीन आलीच पायजे, उशिरानं आली तरी चालंल. हे पैसे बुडवू नको."

"नाई," मी म्हटलं. बुडवणार नाही म्हणायचं होतं, पण एवढंच निघालं.

अध्यक्षबाईनं पेटी उघडली. सगळेच पैसे लागले. काळीपिवळीचं भाडं तिनं स्वतःच्या कमरेच्या पिशवीतून दिलं आणि सोबतीला म्हणून माझ्याजवळ राहिली.

यानंतर जे झालं ते लिहिताना मला आताही हात थांबवावासा वाटतो. तोंडातून खडा काढायच्या दिवशी सिस्टर आली आणि म्हणाली, "मावशी, अंगावरचं सगळं काढून नातेवाइकांकडे द्या." बांगड्या साबण लावून काढल्या. जोडवी दोरा गुंडाळून काढली. राहिली काळी पोत आणि तिच्यातलं सोन्याचं डोरलं. ती मी लग्नापासून कधीच उतरवली नव्हती. तुटली तर नवी गुंफेपर्यंत गळ्यात हळदीचा दोरा बांधायची. धनी जिवंत असताना उघड्या गळ्यानं ऑपरेशनला जायचं, आणि आत काही झालं तर? त्यात हे तेव्हा औषधं आणायला गेले होते. मी सिस्टरला "हो" म्हटलं, भिंतीकडं तोंड केलं, पोत काढली आणि गोळा करून गालात ठेवली.

मला वाटलं, केवढी हुशार मी! ऑपरेशन पोटाचं आहे. तोंडात कोण बघतं?

आत नेलं. डाव्या कुशीवर निजवलं. डॉक्टर आले, हातात लांब काळी नळी, पुढं दिवा. "काकू, आ करा. घशात औषध मारतो, म्हणजे त्रास होणार नाही."

मी दात दाबून धरले. आता लक्षात आलं की तो सगळा खेळ तोंडातूनच होता. चित्र काढून सांगितलं होतं आणि मी बूट बघत होते.

"घाबरू नका. आ करा."

मी मान हलवली.

"अहो, बोला तरी. काय झालं?"

बोलायला तोंड उघडावं लागलं असतं. मी फक्त डोळे मोठे केले. सिस्टरनं समजावलं, दुसऱ्या डॉक्टरांनी समजावलं. शेवटी बाहेर जाऊन विचारलं, कोण आहे यांच्यासोबत? अध्यक्षबाईला अंगावर हिरवा डगला चढवून आत आणली. ती त्या डगल्यात पोत्यात भरल्यासारखी दिसत होती.

"काय वो? सभेत सारी पेटी मांगतली तवा कसं तोंड उघडलं? आता कायले बंद? खडा बाहीर यायचा हाये, त्याले रस्ता दे!"

मला हसू आलं. हसू आलं म्हणून ओठ सुटले आणि काळ्या मण्यांचा एक सर हनुवटीवर लोंबला.

मग डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क सारखा केला, बहुतेक हसू लपवायला, आणि म्हणाले, "बरं झालं काकू. गुंगीत गिळलं असतंत, तर आम्ही खडा सोडून सोनंच काढत बसलो असतो." पण लगेच आवाज बदलून सिस्टरला म्हणाले, "यापुढे तोंड आधी बघत जा." सिस्टरला माझ्यामुळं बोलणी बसली, ती मला अजून लागून आहेत.

अध्यक्षबाईनं पोत माझ्या तोंडातून काढली, डगल्याला पुसली आणि मुठीत धरली. "बह्याड हायेस," ती म्हणाली. मग हळू, तिच्या आवाजाला न शोभेल इतकं हळू म्हणाली, "माह्या गयात नाई घालत. भिऊ नको." तिचा गळा उघडा होता. कित्येक वर्षं तसाच होता, आणि ती गावभर फिरून कामं करत होती. मी एका दुपारपुरती इतकी घाबरले होते. मी आ केलं.

पुढचं मला माहीत नाही, गुंगी आली. नंतर सांगितलं की नळीचं तोंड थोडं मोकळं करून बारीक टोपलीसारख्या जाळीत खडा धरून काढला, आणि पित्त वाहावं म्हणून प्लास्टिकची एक नळी आत ठेवली. घसा दोन दिवस खवखवला. डोळे हळूहळू पांढरे झाले. कावीळ उतरल्यावर पिशवी काढली. पोटावर बारीक छिद्रं, वर पट्ट्या. शुद्धीत आले तर पोटापेक्षा खांदाच ठणकत होता. मी यांना सांगितलं, कारण आता सांगायला शिकले होते. यांनी माझ्या खांद्याकडं गंभीर चेहऱ्यानं बघितलं.

"हवा खांद्यात चढली. दाबून काढू का?"

"हात लावू नका!" सिस्टर दारातून ओरडली. "पोटात भरलेल्या गॅसनं दुखतं तसं. आपोआप जिरतो. फिरवा त्यांना."

हे मला व्हरांड्यात फिरवत होते आणि भेटेल त्याला सांगत होते की बायकोला चार पंक्चर आहेत, पण काम चांगलं झालंय.

घरी जाताना डॉक्टरांनी काचेच्या छोट्या बाटलीत खडे दिले. तुरीएवढे, काही मुगाएवढे, हिरवट-काळे. बाटली हलवली की वाजायची. गावात आले तशी बघायला माणसं आली. मला कोणी बघत नव्हतं, बाटली बघत होते. मला तेच सोयीचं होतं. कोणी आलं की मी बाटली पुढं करायची आणि आत जायची.

पहिल्या मीटिंगला मी बाटली घेऊन गेले, कारण नुसती कशी जाऊ? पेटी मध्ये ठेवली होती, उघडी आणि रिकामी. बाटली हातोहात फिरली.

"इतलुशे? याच्यासाठी आपली मशीन गेली?"

"टमाट्याचं बी खाल्लं असंल हिनं."

"खाईन नाई तं काय, बोलत तं नाई! तोंडाले काम पायजे."

अध्यक्षबाईनं बाटली घेतली आणि पेटीत ठेवून झाकण लावलं. "हे आता गहान हाये. पैसे फिटले की घेऊन जा."

तेव्हापासून माझे खडे गटाच्या पेटीत राहिले. दर मीटिंगला पेटी उचलली की ते खडखडायचे आणि सगळ्या माझ्याकडं बघायच्या. मी दाराजवळ बसायची, पण आता दाराजवळ बसूनही लपता येत नव्हतं.

काही आठवड्यांनी आतली प्लास्टिकची नळी काढायला पुन्हा यवतमाळला जावं लागलं. तीही तोंडातूनच. डॉक्टर खोलीत आले, त्यांनी हातमोजे घालायच्या आधीच मी आ करून बसले होते. ते म्हणाले, "थांबा काकू, दाखवा आधी. आज काय ठेवलंय?" मला उत्तर द्यायचं सुचलं, पण आ केलेलं होतं.

जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं ते दिवस संपले, तशी मी वेचणीला जायला लागले. कापूस किलोवर वेचतात. बोललं नाही की हात लवकर चालतो, त्यामुळं या कामात माझा स्वभाव पहिल्यांदा उपयोगी पडला. दुपारी बायका बांधावर बसून गप्पा मारायच्या तेव्हा मी आपली ओळीत. अध्यक्षबाई लांबून ओरडायची, "पंक्चरवाली म्होरं गेली पाय!" संध्याकाळी जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायची. गोधडी विकताना भाव सांगावा लागतो. पहिल्या गोधडीचा भाव मी इतका हळू सांगितला की बाईनं अर्धाच ऐकला आणि अर्धाच दिला. दुसरीच्या वेळी दोनदा सांगितला.

उन्हाळा आला की जीव जायचा. मिरच्यांची पोती घेऊन बायका एसटीनं बाभुळगावला कांडायला जायच्या, ठसकत परत यायच्या. मी पोती चढवायला जायची. मला पाहिलं की कोणीतरी म्हणायचंच, "पित्त मोकळं झालं हिचं, आमचा मसाला अडकला." मी हसायची. जी त्या दिवशी दवाखान्यात हसली नव्हती, ती मात्र काही म्हणायची नाही. तिच्या पोरीचं बाळंतपण झालं, पोर रांगायला लागलं, आणि मसाला ती अजून दुसऱ्याच्याच यंत्रावर कांडून आणत होती. तिची पोती मी सगळ्यात आधी चढवायची. तिनंही ते पाहिलं होतं, पण दोघींपैकी कोणीच ते बोललं नाही. मला वाटतं, आमच्या गटात न बोलणारी मी एकटी नव्हते.

कार्डात माझं नाव आता आहे. फोटोत माझे डोळे मिटलेले आहेत.

या वेळच्या वेचणीचे पैसे आले, दोन गोधड्या गेल्या, आणि उरलेला हप्ता पदराला बांधून मी मीटिंगला गेले. अध्यक्षबाईच्या ओसरीत सगळ्या बसल्या होत्या. मी दाराजवळून उठले. पैसे पुढं सरकवले नाहीत, जाऊन तिच्या हातात दिले. तिनं मोजले, मग दुसरीकडून मोजून घेतले, आणि पेटी उघडून बाटली काढली. पण दिली नाही.

"नियम हाये," ती म्हणाली. "आंधी तोंडानं सांग."

मी म्हटलं, "फिटले."

"कोनाले आईकू आलं का वो?"

"नाई आलं!" सगळ्या एका सुरात ओरडल्या. ती न हसणारीही ओरडली, आणि तिनं नातवाला मांडीवरून उचलून माझ्याकडं तोंड करून धरलं, जसं काही त्यालाही ऐकायचं होतं.

मी पदर नीट केला. भिंतीकडं बघितलं नाही, कोणाच्या पायांकडंही नाही. आणि पोटात हवा भरतात तशी छाती फुगवून म्हटलं, "माह्ये सगळे पैसे फिटले. मशीन आना!"

समोर रस्त्यावर कोणीतरी सायकल थांबवून वळून बघितलं. अध्यक्षबाईनं बाटली माझ्या हातावर ठेवली.